पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या रानाची हद्द : ‘नो ट्रेसपासिंग’च्या पाट्या नीट कशा लावाव्यात

न्यू जर्सीतल्या माझ्या ओळखीच्या काही मराठी कुटुंबांनी डेलावेअर नदीपलीकडे, पेनसिल्व्हेनियातल्या पाइक, वेन आणि मन्रो काउंटीत पाच-दहा एकरांची रानं घेतली आहेत. जमीन बघितलेली असते उन्हाळ्यात, सगळं हिरवंगार आणि निर्मनुष्य असताना. मग ऑक्टोबरात फोन येतो : आपल्या झाडावर कुणीतरी मचाण बांधलंय, आता काय करायचं? भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार आपल्या जगातून जवळजवळ गेलीच. त्यामुळे बंदूक खांद्याला लावून रानात फिरणारा माणूस दिसला की आपल्या पोटात गोळा येतो. इथे तो बहुधा लायसन्स काढून आलेला, पंचक्रोशीत ओळखीचा माणूस असतो. त्याच्या वडिलांनीही याच रानात हरणं मारली असण्याची शक्यता असते, आणि जमीन विकली गेली हे त्याला कुणी सांगितलेलंही नसतं.

पाट्या लावाव्यातच, असं माझं ठाम मत आहे. पण त्याआधी दोन गोष्टी पक्क्या हव्यात. आपली हद्द नेमकी कुठून जाते, आणि आजूबाजूच्यांना आपण कोण आहोत हे माहीत आहे का? निम्म्याहून जास्त काम या दोन गोष्टींत आहे. पाटी ठोकायला दहा मिनिटं लागतात.

कायदा काय मागतो

पेनसिल्व्हेनियाच्या फौजदारी संहितेतलं कलम ३५०३ अनधिकृत प्रवेशाबद्दल आहे. ‘इथे येऊ नका’ ही सूचना मालकाने दिली होती का, हा त्यातला कळीचा प्रश्न. सूचना प्रत्यक्ष तोंडी देता येते, लोकांना बाहेर ठेवण्यासाठीच घातलेल्या कुंपणाने देता येते, येणाऱ्याच्या सहज नजरेस पडतील अशा पाट्यांनी देता येते, किंवा झाडांवर जांभळ्या रंगाचे पट्टे ओढून देता येते. यातलं काहीच नसेल तर ‘मला माहीत नव्हतं’ हे समोरच्याचं म्हणणं खोडून काढणं अवघड जातं. सूचना असूनही आत शिरणं हा साधारणपणे किरकोळ गुन्हा. पण मालकाने तोंडावर ‘बाहेर जा’ सांगितल्यावरही माणूस गेला नाही, तर गुन्ह्याची पायरी वर चढते.

पाट्यांमध्ये किती फुटांचं अंतर हवं, हे पेनसिल्व्हेनियाच्या या कलमात दिलेलं नाही. नाव-पत्त्याची अटही नाही. कसोटी एवढीच की येणाऱ्याला पाटी दिसायला हवी.

नदी ओलांडून न्यूयॉर्कच्या सलिव्हन काउंटीत जमीन असेल तर मात्र हिशेब वेगळा. तिथे पाटी किमान ११ इंच बाय ११ इंच लागते. दोन पाट्यांमधलं अंतर ६६० फुटांपेक्षा जास्त चालत नाही. ओळखता येईल अशा प्रत्येक बाजूला आणि कोपऱ्यावर निदान एक पाटी हवी, आणि तिच्यावर मालकाचं किंवा अधिकार असलेल्या व्यक्तीचं नाव-पत्ता हवा. झिजलेल्या, हरवलेल्या पाट्या वर्षातून एकदा बदलायच्या. एका राज्यातल्या मित्राचा सल्ला दुसऱ्या राज्यात तसाच्या तसा उचलू नका.

हद्द शोधणं

आपल्याकडे शेताच्या बांधावरून तंटा झाला की भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज टाकतात. इथे असं सरकारी मोजणी खातं दारात येत नाही. खासगी, लायसन्सधारी सर्व्हेअर आपणच नेमायचा आणि त्याचे पैसे आपणच भरायचे.

सुरुवात खरेदीखतापासून करा. ते काउंटीच्या ‘रेकॉर्डर ऑफ डीड्स’कडे नोंदलेलं असतं. जुन्या खतांत हद्दीचं वर्णन एका कोपऱ्यापासून सुरू होऊन दिशा आणि अंतर सांगत फिरत पुन्हा तिथेच येतं, आणि अंतरं पुष्कळदा पर्चमध्ये असतात. एक पर्च म्हणजे १६.५ फूट. ‘दगडांच्या ढिगापासून ४० पर्च’ असं लिहिलेलं असेल तर ते ६६० फूट झाले. दिशांच्या बाबतीत जास्त सांभाळून राहायला हवं. जुन्या मोजण्या होकायंत्रावर झालेल्या, आणि होकायंत्राने दाखवलेली उत्तर दिशा दशकांगणिक सरकत राहते. शंभर वर्षांपूर्वीचा कोन आजच्या होकायंत्रावर लावून चालायला लागलात तर शेजाऱ्याच्या रानात पोचाल.

खत हातात घेऊन खुणा शोधा. कोपऱ्यावर लोखंडी सळई किंवा पाइप असतो, कुठे रचलेला दगडांचा ढीग, कुठे जुन्या झाडावर कुऱ्हाडीने घेतलेल्या आणि आता साल चढून बुजत आलेल्या खाचा. ईशान्य पेनसिल्व्हेनियात रानातून जाणाऱ्या दगडी गडग्यांच्या ओळी खूप दिसतात. एकेकाळी तिथे शेतं होती, त्यांचे ते बांध. गडगा म्हणजे हद्द असं बरेचदा असतं, पण नेहमी नाही. तो जुन्या मालकाच्या दोन शेतांमधला अंतर्गत बांधही असू शकतो.

फोनवरच्या नकाशात, काउंटीच्या संकेतस्थळावर किंवा शिकाऱ्यांच्या ॲपमध्ये जमिनीची रेषा दिसते, ती अंदाज घ्यायला उत्तम. पण ती करआकारणीच्या नकाशावरून आलेली असते आणि कायदेशीर हद्द म्हणून ती चालत नाही. शिवाय दाट झाडीत फोनचं जीपीएस काही मीटर इकडे-तिकडे दाखवतं. चुकीची रेषा धरून शेजाऱ्याच्या झाडावर खिळे ठोकले तर भांडणाची सुरुवात आपणच केलेली असते. सळया सापडत नसतील तर सर्व्हेअरवर खर्च करा. अख्ख्या कामातला हा सगळ्यात मोठा खर्च असतो आणि सगळ्यात सार्थकी लागणाराही. मोजणी होईल त्या दिवशी स्वतः हजर राहा, रेषेवर फीत बांधून घ्या आणि सगळ्या कोपऱ्यांचे फोटो काढा.

फिरायला चांगला काळ म्हणजे बर्फ वितळल्यानंतर आणि पालवी फुटण्याआधी, साधारण मार्चचा शेवट ते एप्रिलचा मध्य. तेव्हा रान आरपार दिसतं. एप्रिलच्या अखेरीपासून मे महिनाभर टर्कीच्या शिकारीचा हंगाम असतो आणि ते शिकारी नखशिखांत झाडाझुडपांच्या रंगाचे कपडे घालून निश्चल बसलेले असतात, म्हणून काम त्याआधी उरका. थंडी असली तरी गोचिड्या जाग्या असतात आणि या भागात लाइम रोग मुळीच दुर्मीळ नाही. पँट मोज्यांत खोचा, कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवा, घरी आल्यावर अंग तपासा. महिना कुठलाही असो, फ्लुरोसंट नारिंगी जाकीट आणि टोपी घाला.

शेजाऱ्यांच्या दारात आधी जा

पाट्या लावायच्या आधी चारही बाजूंच्या मालकांना भेटा. हा टप्पा बहुतेक जण गाळतात. विकेंडला येणारा, गाडीला न्यू जर्सीची नंबरप्लेट असलेला नवा मालक आला आणि एका रात्रीत सगळीकडे पिवळ्या पाट्या उगवल्या, तर गावात त्याचा अर्थ एकच लावला जातो. तेच आधी दार वाजवून सांगितलं की ‘आम्ही अमुक जमीन घेतली आहे, मुलं रानात फिरतात, म्हणून हद्द आखतोय, रेषेबद्दल तुमचं काही म्हणणं आहे का’, तर गोष्ट पूर्ण बदलते. जुना सर्व्हे त्यांच्या कपाटात निघतो. कोपऱ्यावरची सळई कुठे आहे हे त्यांना पाठ असतं. मचाण कुणाचं हेही तिथेच कळतं.

मचाण सापडलं तर लगेच उतरवून फेकू नका. त्यावर एक चिठ्ठी लावा : जमीन आता आमची आहे, अमुक तारखेपर्यंत घेऊन जा, हा फोन नंबर. माझ्या पाहण्यात अशा चिठ्ठीला उत्तर येतं, आणि बऱ्याचदा माफीही.

इथे आणखी एक विचार करून ठेवा. सगळ्यांनाच बंदी घालायची आहे का? आमच्या घरी मांसाहार होत नाही, तरी मी दोन ओळखीच्या शिकाऱ्यांना लेखी परवानगी देते. या रानांतून लांडगे आणि प्यूमा केव्हाच संपले. हरणांची संख्या वाढली की ती ओकची आणि मेपलची रोपं जमिनीलगत खुडून टाकतात आणि जुन्या झाडांखाली नवं रान उभंच राहत नाही. शिवाय परवानगी असलेला माणूस आपण नसताना रानावर लक्ष ठेवतो. परवानगी द्यायची असेल तर एका कागदावर त्याचं नाव, फोन, गाडीचा नंबर, कुठल्या भागात, बंदूक की धनुष्य, आणि कुठल्या तारखेपर्यंत, एवढं लिहून दोघांनी सह्या करा. मुदत एका हंगामाची ठेवा. ‘कायमची’ परवानगी देऊ नका, कारण पुढे ती मुलाला, मेहुण्याला आणि मित्रालाही लागू आहे असं समजलं जातं.

पैसे घेऊन शिकारीला जागा द्यायचा मोह होईल. पेनसिल्व्हेनियात १९६६चा एक कायदा आहे, जो लोकांना विनामूल्य फिरू-शिकार करू देणाऱ्या मालकाला अपघाताच्या दाव्यांपासून बरंच संरक्षण देतो. पैसे घेतले की ते कवच हातचं जातं. तेव्हा आधी विमा कंपनी आणि वकील, मग करार.

पाटी कुठली, कशी ठोकायची

मजकूर मोजका हवा. वर ठळक ‘पोस्टेड’, खाली ‘नो ट्रेसपासिंग’, आणि शिकार, मासेमारी, सापळे या सगळ्याला मनाई आहे हे सांगणारी एक ओळ, अर्थात सगळं इंग्रजीत. परवानगी देणार असाल तर ‘हंटिंग बाय रिटन परमिशन ओन्ली’ असा मजकूर जास्त प्रामाणिक. पेनसिल्व्हेनियात सक्ती नसली तरी नाव आणि फोन नंबर लिहा असं मी सांगेन. जखमी हरणाच्या मागावर हद्दीपर्यंत आलेल्या माणसाला फोन करायला नंबर हवा. नंबर नसला की माणूस तसाच आत येतो. घरचा पत्ता द्यायला संकोच वाटत असेल तर पोस्ट बॉक्स घ्या.

कागदी किंवा पातळ प्लास्टिकच्या पाट्या स्वस्त पडतात, पण पोकोनोजमध्ये, म्हणजे इथल्या डोंगराळ भागात, अस्वलं भरपूर आणि प्लास्टिकची पाटी चावून पाहायची त्यांना भारी हौस. प्लायवूडच्या फळ्या साळिंदरं कुरतडतात, त्यातला डिंक त्यांना आवडतो. अ‍ॅल्युमिनियमची पाटी महाग असली तरी टिकते. रस्त्याकडच्या बाजूला आणि कोपऱ्यांवर अ‍ॅल्युमिनियम, आतल्या रेषेवर जाड प्लास्टिक, असा मेळ परवडतो.

खिळे अ‍ॅल्युमिनियमचेच घ्या. लोखंडी खिळा झाडाच्या पोटात गडप होतो आणि वीस वर्षांनी कुणाच्या तरी चेनसॉची साखळी तोडतो. खिळे असलेलं लाकूड सॉमिलवाले नाकारतात किंवा भाव पाडतात. खिळा पूर्ण आत मारू नका, डोकं अर्धा इंच बाहेर ठेवा. झाड दर वर्षी जाड होतं आणि घट्ट ठोकलेली पाटी आधी फुगते, मग फाटते. चार कोपऱ्यांत चार खिळ्यांपेक्षा वर एक आणि खाली एक बरा. दर वर्षी फेरी मारताना खिळा थोडा बाहेर ओढायचा.

झाड निवडताना ते जिवंत, सरळ आणि स्पष्टपणे आपल्या बाजूचं हवं. बरोबर रेषेवर उभं असलेलं झाड दोघांचं असतं, त्याला हात लावायचा तर शेजाऱ्याला विचारून. अ‍ॅशची झाडं टाळा. एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाच्या भुंगेऱ्याने या भागातली अ‍ॅश पोखरून टाकली आहेत, ती केव्हा पडतील याचा नेम नाही. किमती ओक किंवा काळ्या चेरीच्या बुंध्यावरही मी खिळा मारत नाही. त्यापेक्षा रेड मेपल बरा. विजेच्या किंवा टेलिफोनच्या खांबावर पाटी कधीच नको. तो खांब कंपनीचा असतो आणि खिळे खांबावर चढणाऱ्या कामगाराच्या जिवावर बेतू शकतात. जिथे झाड नाही तिथे लोखंडी टी-पोस्ट रोवा, पण खणण्याआधी ८११ला फोन करून जमिनीखाली गॅसची नळी किंवा केबल नाही ना ते बघून घ्या.

पाटी डोळ्यांच्या उंचीवर, तोंड बाहेरच्या बाजूला. एका पाटीजवळ उभं राहिल्यावर पुढची दिसली पाहिजे. हे अंतर पानं नसताना नव्हे, सप्टेंबरात पानं असताना तपासा, कारण धनुष्याचा हंगाम पानं झडायच्या आत सुरू होतो. प्रवेशाच्या जागा आधी गाठा : फाटक, जुनी बैलगाडीएवढी लाकूडतोडीची वाट, ओढ्याचा उतार, आणि हरणांच्या पायवाटा हद्द ओलांडतात ती ठिकाणं, कारण शिकारीही त्याच वाटेने येतो. विजेच्या तारांखालचा मोकळा पट्टा असेल तर तिथे दोन्ही टोकांना पाट्या लावा, चारचाकी एटीव्ही आणि स्नोमोबाइल तिथूनच घुसतात. वीज कंपनीचा जाण्या-येण्याचा हक्क मात्र पाटीने संपत नाही.

जांभळा रंग

२०१९चा कायदा क्रमांक १०३ जानेवारी २०२०पासून लागू झाला आणि पेनसिल्व्हेनियात जांभळ्या रंगाला पाटीइतकाच अर्थ आला. फिलाडेल्फिया आणि अ‍ॅलेगनी या दोन काउंट्या तेवढ्या वगळल्या आहेत. टेक्सस आणि मिसूरीत ही पद्धत १९९०च्या दशकापासून आहे. मापं लक्षात ठेवा : पट्टा उभा, लांबी किमान ८ इंच, रुंदी किमान १ इंच. पट्ट्याचं खालचं टोक जमिनीपासून ३ ते ५ फुटांवर. दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० फुटांपेक्षा जास्त नको, आणि जवळ येणाऱ्याला ते सहज दिसायला हवेत. बुंध्याभोवती गोल कडं किंवा नुसता ठिपका कायद्यात बसत नाही.

चौरस १० एकरांचा हिशेब मांडू. एक बाजू बरोबर ६६० फूट, घेर २,६४० फूट, म्हणजे अर्धा मैल. एका बाजूला १०० फुटांच्या आतले सात टप्पे, म्हणून कोपरे धरून २८ झाडं रंगवावी लागतील. रंग चोरीला जात नाही, अस्वल खात नाही आणि काही वर्षं टिकतो. म्हणून लांबच्या रेषेवर मी रंगच वापरते, आणि कोपऱ्यांवर व वाटांवर पाटी. नवख्या माणसाला जांभळ्याचा अर्थ माहीत नसतो, त्याला पाटीवरचे शब्द वाचायला मिळाले पाहिजेत.

झाडांवर मारायचा खास हद्दीचा रंग मिळतो, तोच घ्या. साल कोरडी हवी. तारेच्या ब्रशने सुटी खपली आणि शेवाळ हलकेच काढा, सालीच्या आत जाऊ नका. स्प्रेपेक्षा कुंचल्याने दिलेला थर जास्त टिकतो. न्यूयॉर्कच्या बाजूला हे सगळं लागू नाही, तिथे पाटीच लागते.

पाटी नसली तरी लागू असलेला नियम

हा भाग नव्या मालकांना सहसा कुणी सांगत नाही. माणसं राहत असलेल्या घरापासून किंवा कॅम्पपासून १५० यार्ड, म्हणजे ४५० फुटांच्या आत, तिथे राहणाऱ्याच्या परवानगीशिवाय बंदुकीने शिकार करता येत नाही. धनुष्यासाठी हे अंतर ५० यार्ड, म्हणजे १५० फूट आहे. याला सेफ्टी झोन म्हणतात. आता वरचेच १० एकर घ्या. मधोमध केबिन असेल तर मध्यापासून बाजू ३३० फुटांवर आणि कोपरा साधारण ४६७ फुटांवर येतो. म्हणजे बंदुकीच्या बाबतीत चार टोकं सोडली तर सगळी जमीन सेफ्टी झोनमध्येच येते, आणि काही भाग शेजाऱ्याच्या हद्दीतही जातो. ‘सेफ्टी झोन’ लिहिलेल्या पाट्या वेगळ्या मिळतात. केबिनच्या बाजूने त्या लावाच, अनुभवी शिकारी त्या फार गांभीर्याने घेतात.

हंगामही माहीत हवेत. शरद ऋतूत धनुष्य, नोव्हेंबरात अस्वलं, आणि २०१९पासून रायफलने हरणांचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. नेमकी आपण मुलाबाळांसह केबिनवर असतो तीच सुट्टी. रविवारी रानात बंदूक वाजणार नाही हा जुना भरवसाही धरू नका, २०१९च्या कायद्याने काही रविवार खुले केले आणि त्यानंतर मुभा वाढतच गेली.

कराची सवलत तपासा

जमीन ‘क्लीन अँड ग्रीन’खाली, म्हणजे १९७४च्या कायदा क्रमांक ३१९खाली कमी दराने आकारली जात असेल, तर पाट्या लावण्याआधी काउंटीच्या असेसमेंट ऑफिसात कुठला प्रकार नोंदला आहे ते विचारा. त्यातल्या ‘अ‍ॅग्रिकल्चरल रिझर्व्ह’ या प्रकारात जमीन लोकांना विनामूल्य खुली ठेवण्याची अट असते. तिथे ‘नो ट्रेसपासिंग’ लावणं म्हणजे सवलत धोक्यात घालणं. ‘फॉरेस्ट रिझर्व्ह’ला ही अट नाही. तुमची जागा एखाद्या वसाहतीत असेल तर तिथल्या असोसिएशनचे पाट्यांबद्दलचे नियमही वाचून घ्या.

तरीही कुणी आत आलं तर

हातात बंदूक असलेल्या माणसाशी वाद घालू नका. लांबूनच मोठ्याने, शांतपणे बोला, नाव विचारा, ही खासगी जमीन आहे सांगा. बहुतेक जण तेवढ्याने जातात. नाही गेला तर मागे या, गाडीचा नंबर आणि वेळ लिहून घ्या, आणि पेनसिल्व्हेनिया गेम कमिशनच्या, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याच्या, विभागीय कार्यालयाला किंवा स्टेट पोलिसांना कळवा. अनेक टाउनशिपना स्वतःचे पोलीस नसतात, त्यामुळे स्टेट पोलीसच येतात. धमकी आली तर थेट ९११. वाटेवर तार बांधणं, खिळ्यांची फळी टाकणं असले उपाय स्वप्नातही नकोत. कुणी जखमी झालं तर तुरुंगात आपण जाऊ.

शिकारी कुत्रं हद्दीत आलं आणि मालक बंदूक बाहेर ठेवून फक्त ते न्यायला आला, तर कायदा त्याला तेवढी मोकळीक देतो. जखमी हरणासाठी मात्र त्याला परवानगी मागावी लागते. माझं मत विचाराल तर ती द्यावी. जनावर आपल्या रानात तडफडत राहण्यापेक्षा ते बरं. गेम वॉर्डन आपल्या कामासाठी पाटी ओलांडून येऊ शकतो, त्याला अडवू नका.

दरवर्षीची फेरी

सप्टेंबरच्या सुरुवातीला एकदा सगळी रेषा चाला. पडलेल्या पाट्या बदला, खिळे सैल करा, फिकट पट्ट्यांवर रंग फिरवा, पाटीसमोर वाढलेल्या फांद्या छाटा. प्रत्येक पाटीचा तारखेसह फोटो काढून नकाशावर तिची जागा नोंदवा. प्रकरण न्यायाधीशासमोर गेलंच तर त्या दिवशी पाटी जागेवर होती हे याच फोटोंवरून दाखवता येतं. हद्दीलगतचे मालक बदलले असतील तर त्याच फेरीत त्यांच्याही दारात जाऊन या, आणि जुन्या परवानग्यांचे कागद मुदत पाहून नव्याने लिहा.